दोन जिवांची बाई आणि तिचे पाठीराखे

आपल्याकडे गरोदर बाईला दोन जिवांची म्हणतात. तिने जड उचलू नये, तिन्हीसांजेला एकटीने वेशीबाहेर जाऊ नये, तिचे डोहाळे पुरवावेत, सातव्या महिन्यात तिची ओटी भरावी आणि पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी न्यावे, असा रिवाज थोड्याफार फरकाने सगळ्या जातीजमातींत आहे. हे ऐकणाऱ्या परक्या माणसाला वाटेल, की मराठी घरात बाईचे एरवी कसेही हाल होत असोत, हे नऊ महिने तरी तिच्या अंगाला कोणी हात लावीत नसेल. तसे नाही, हे येथे बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे आणि बहुतेक पुरुषांनाही ठाऊक आहे. भिंतीपलीकडचा आवाज ऐकून आपल्या घरातल्या टी.व्ही.चा आवाज वाढवणारे आपणच.

हा विषय वसंत व्याख्यानमालेत कशाला, असे एका सद्गृहस्थांनी मला विचारले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा पाडली, तेव्हा विधवांचे वपन हाही चारचौघांत काढण्याचा विषय नव्हता. लोकांनी तो काढला म्हणूनच काही हलले. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयात, हाती लागेल त्या पुस्तकावर झाले. तीस वर्षे हमाल, जिनिंगचे कामगार, शेतमजूर आणि ऊसतोडीला जाणारी माणसे यांच्यात वावरलो, तेवढी माझी पुंजी. गर्भार बाईला मार बसतो तेव्हा आपल्या मुलखात तिच्या मदतीला आजवर कोण धावले, त्यांनी काय केले, आणि त्यातले काय उपयोगी पडले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

सुरुवात माहेरापासून केली पाहिजे. पेडगाव हे परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. निजामाच्या राज्यातला हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला, आणि लेकीला बाळंतपणासाठी आणण्याची वाट सोपी झाली. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात माहेरी जावयाचे आणि बाळंत झाल्यावर निदान सव्वा महिना राहावयाचे, हा रिवाज आपण लाडाकोडाचा समजतो. माझ्या मते त्याच्यात संरक्षणाचीही सोय होती. ज्या लेकीला सासरी मार आहे, तिला त्या गोष्टीचा उच्चारही न करता तीन-चार महिने बाहेर काढण्याचा तो एकच सर्वमान्य मार्ग होता. अब्रू जात नसे, भांडण होत नसे, आणि लेक माहेरी आली की आईला तिच्या पाठीवरचे वळ न्हाऊ घालताना दिसत. कित्येक लेकींचे ते सव्वा महिने लांबत जात; 'बाळ अजून लहान आहे' हे उत्तर तयार असे.

परंतु या सोयीला दोन मोठी भगदाडे होती. एक म्हणजे ती पहिल्या बाळंतपणापुरतीच होती. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाई सासरीच बाळंत होणार, आणि पहिल्या दोन मुली झाल्या असतील तर मार त्याच खेपेला जास्त. दुसरे म्हणजे सातव्या महिन्यापर्यंत तिला कोणी विचारीत नसे. माझ्या कानावर आलेली बहुतेक प्रकरणे तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली आहेत. उलट्या होतात म्हणून काम उरकत नाही, रात्री ती नको म्हणते, नवऱ्याच्या मनात संशय येतो, हुंड्यातले काही देणे राहिलेले असते. कारणे अशी असतात. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास भरून राहिला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा करविल्या; त्या वाचताना ध्यानात येते, की बाईने आपले दुःख सांगण्यासाठी दळणाची पहाट निवडली, कारण त्या वेळी जवळ दुसरे कोणी पुरुषमाणूस नसे. बाई एकटी असली की बोलते. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

आता जो पुरावा मला सर्वांत मोठा वाटतो तो सांगतो. १९९० नंतरच्या वर्षांत पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील बेला गणात्रा, कुरुस कोयाजी आणि व्ही. एन. राव यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या ४०० खेड्यांत आणि ७ रुग्णालयांत मातामृत्यूंचा शोध घेतला. सरकारी नोंदीवर ते थांबले नाहीत. गावोगाव निरनिराळ्या माणसांकडून माहिती घेऊन प्रत्येक मृत्यूमागची हकीगत काढली. त्यांचा निबंध १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आला. त्यात असे दिसले, की गर्भारपणात, म्हणजे बाळंत होण्यापूर्वी, ज्या बायका दगावल्या त्यांच्या मृत्यूंच्या कारणांत घरातला छळ हे दुसऱ्या क्रमांकाचे कारण होते. सुमारे १६ टक्के. रक्तस्राव, आकडी, ताप यांसाठी आपण दवाखाने बांधले, दाई शिकविल्या, गोळ्या वाटल्या. या कारणासाठी आपण काय बांधले?

याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की हे मृत्यू एरवी हिशेबातच धरले जात नाहीत. वैद्यकीय व्याख्येप्रमाणे गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत, गर्भारपणाशी संबंधित कारणाने आलेला मृत्यू तो मातामृत्यू. अपघाती व आनुषंगिक कारणे त्यातून वगळावयाची. नवऱ्याने मारून टाकलेली सहा महिन्यांची गर्भार बाई या व्याख्येत 'आनुषंगिक' ठरते. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने गर्भारपणातली आत्महत्या मातामृत्यूत धरावी असे सांगितले. खून मात्र बाहेरच राहिला. मी कामगारांच्या अपघातांच्या फायली पाहिलेल्या आहेत. ज्या रकान्यात जे मावत नाही ते घडलेच नाही असे ठरविण्याची कागदाची सवय जुनी आहे.

बाहेरच्या जगात काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांत बायकांना विचारून २००५ साली जो अहवाल काढला, त्यात एखाद्या तरी गर्भारपणात मार खाल्लेल्या बायकांचे प्रमाण जपानच्या शहरात शेकडा १, तर पेरू देशाच्या ग्रामीण प्रांतात शेकडा २८ असे निघाले. मारणारा शेकडा ९० हून अधिक वेळा त्या पोटातल्या मुलाचा बापच होता; आणि मार खाल्लेल्यांपैकी ठिकठिकाणी पाव ते निम्म्या बायकांना पोटावर लाथा किंवा गुद्दे बसले होते. आपल्या देशाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) विवाहित बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले, आणि गर्भारपणात मार बसल्याचे ३.१ टक्क्यांनी. दुसरा आकडा लहान वाटतो. परंतु घरी आलेल्या अनोळखी माणसाला दारात उभे राहून दिलेले ते उत्तर आहे, हे विसरू नये. आणि शंभरांत तीन हाच आकडा जरी घेतला, तरी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीच्या दिवशी बाकावर बसलेल्या रांगेत अशी एखादी बाई असावयाचीच.

आता मदतीच्या इतिहासाकडे वळतो.

आपल्याकडे गर्भार बाईसाठी दार उघडणारे पहिले घर पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचे. १८६३ साली त्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ते विधवांसाठी होते, नवऱ्याच्या माराने पळालेल्या सुवासिनींसाठी नव्हे, हे खरे. तरी मी ते येथे घेतो, कारण मदत कशी करावी याचे बहुतेक सगळे शहाणपण त्यात आहे. फुल्यांनी गावात जाहीर पत्रके लावून कळविले, की विधवेने येथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे. मूल न्यावे किंवा ठेवावे, ही तिची खुशी. म्हणजे जागा जाहीर, आणि येणारी गुप्त. शिवाय निर्णय तिचा. तिला कोणी 'हे पाप कसे घडले' म्हणून विचारीत नसे. सावित्रीबाई स्वतः बाळंतिणींची उस्तवारी करीत. १८८४ सालापर्यंत अशा ३५ बायका तेथे येऊन गेल्या होत्या, आणि त्यांतल्याच एकीचा मुलगा यशवंत या जोडप्याने दत्तक घेतला. १८७५ साली पंढरपुरातही असेच गृह निघाले.

त्याच काळात, १८८१ साली, सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या चालीवर चिखलफेक सुरू झाली. तेव्हा आपल्या शेजारच्या बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. ज्या दोषांसाठी बाईला सुळावर चढवितात ते सगळे पुरुषांत दुप्पट आहेत, असा त्यांचा रोख. पुस्तकाचे स्वागत इतके वाईट झाले की ताराबाईंनी पुढे दुसरे पुस्तक काढले नाही. फुल्यांनी मात्र त्यांची बाजू घेतली.

पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ चे, पुण्याचे सेवासदन १९०९ चे. सेवासदनाचे महत्त्व माझ्या विषयापुरते असे, की तेथून मराठी घरांतल्या बायका परिचारिका आणि सुईणी म्हणून शिकून बाहेर पडू लागल्या. गर्भार बाईच्या उशाशी बसून, पुरुषांना बाहेर घालवून, तिच्याशी बोलण्याचा अधिकार असलेली शिकलेली बाई ही त्यापूर्वी आपल्याकडे नव्हतीच.

गिरणगावाकडे आलो म्हणजे मी माझ्या वाटेवर येतो. १९२० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारांचा सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक १९२८ साली मुंबई कायदेमंडळात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना सांगितले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, आणि त्या खर्चाचा काही भार मालकाने उचलणे योग्य आहे. १९२९ साली कायदा झाला. मुंबई इलाख्याचा कायदा निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यात, लागू नव्हता. सबंध देशासाठीचा कायदा १९६१ चा. त्यात १२ आठवड्यांची रजा होती, ती २०१७ साली २६ आठवड्यांची झाली.

या कायद्याचे गुण गाऊन आमची भाषणे संपतात. ते गुण खरेच आहेत. त्या कायद्याने प्रथमच असे ठरले, की गर्भार बाईचे पोट हा घरचा खाजगी मामला नाही, त्यात समाजाचे काही देणे लागते. पण कामगारांच्या मागण्यांच्या याद्यांत दुसरी एक गोष्ट कधी आली नाही. मालकाने आठव्या महिन्यात तिला साच्यावर उभे करू नये हे लिहिले गेले. त्याच रात्री खोलीत तिला कोणी लाथ मारू नये, हे लिहिले गेले नाही. मारणारा आपलाच सभासद असतो. चाळीत भांडण झाले तर दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' म्हणावयाचे, ही पद्धत पडली. मिटवणे म्हणजे बाईने परत जाणे.

ही चाकोरी मोडली ती शिकलेल्या शहरात नव्हे, तर शहाद्याच्या भिल्ल बायकांनी. त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, आजच्या नंदुरबारात, १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. पुढल्या वर्षी शिबिरांतून बायका बोलू लागल्या, तेव्हा त्यांनी काढलेला विषय मजुरीचा नव्हता. दारू पिऊन नवरे मारतात हा होता. त्या उठल्या आणि गावोगाव दारूची मडकी फोडीत गेल्या, मारणाऱ्या नवऱ्यांना चव्हाट्यावर आणून जाब विचारला. जाहीर शिक्षेची ती रीत सर्वकाळ योग्य असे मी म्हणणार नाही. कायदा हाती घेतला की तो उद्या बाईवरच उलटतो. तरी एका गोष्टीसाठी मी त्या बायकांना मानतो. मजुरांच्या संघटनेपुढे घरातली मारहाण हा संघटनेचा विषय आहे असे त्यांनी सिद्ध केले.

१९८० नंतर वेग आला. मथुरा प्रकरणाच्या निकालाविरुद्ध देशभर उठलेला आवाज आणि हुंडाबळींची प्रकरणे यांमुळे १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले: नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला छळ हा गुन्हा. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ही कलमे ८५ आणि ८६ झाली.) पुण्यात १९८२ साली नारी समता मंच स्थापन झाला, आणि त्यांचे 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगाव फिरले. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कचेरीत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या आवारात, पण पोलीस नसलेल्या शिकलेल्या समाजसेविका तेथे बसू लागल्या. पुढे राज्य सरकारने असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले.

पण पोलिसांत जाणारी बाई शंभरांत किती? आणि गर्भार बाई तर जवळपास नाहीच. पोटात मूल घेऊन ती नवऱ्याविरुद्ध फिर्याद कशी देईल, आणि दिली तर रात्री झोपायला कोठे जाईल? दवाखान्यात मात्र ती जाते. सासूच तिला घेऊन जाते. २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात मुंबई महानगरपालिका आणि सेहत ही संस्था यांनी 'दिलासा' केंद्र उघडले, त्यामागचा विचार मला सगळ्यांत पटतो तो याच कारणाने. रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिका, डॉक्टर, आया यांना शिकवावयाचे, की जळालेली, पडलेली, विष घेतलेली बाई आली तर नुसती मलमपट्टी करून पाठवू नये. तिला एकांतात विचारावे आणि त्याच इमारतीतल्या खोलीत बसलेल्या समुपदेशक बाईकडे पोचवावे. २००६ साली कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरे केंद्र झाले आणि नंतर मुंबईतील आणखी रुग्णालयांत. गरोदर बायकांच्या तपासणीच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येकीला हा प्रश्न विचारण्याचा प्रयोगही याच केंद्रांनी केला.

अमेरिकेत ह्यूस्टन आणि बाल्टिमोर या शहरांत ज्युडिथ मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकारी परिचारिकांनी १९९२ साली असेच दाखविले होते. तपासणीला आलेल्या गर्भार बायकांना त्यांनी तीन साधे प्रश्न विचारले. सहांतल्या एकीला त्या गर्भारपणात मार बसलेला होता. मार खाणारी बाई तपासणीला शेवटच्या तीन महिन्यांत येण्याचे प्रमाण दुप्पट होते. आपली आशाताई म्हणते, 'अमकी आळशी आहे, नाव नोंदवायला सहा महिने लावले,' तेव्हा मला हा आकडा आठवतो. उशीर हीच खूण असू शकते. तशीच तारखा चुकवणे, रक्त वारंवार कमी निघणे, पोटाला किंवा छातीला इजा, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नवऱ्याने किंवा सासूने देणे.

विचारावे कसे, हे सांगितल्यावाचून नुसत्या खुणा सांगणे व्यर्थ आहे. एका ऊसतोडीच्या तळावर, कोप्यांच्या रांगेत, एक पाच महिन्यांची पोर हाताला फडके बांधून बसली होती. सगळ्यांसमक्ष विचारले तेव्हा 'पडले' म्हणाली. नवरा म्हणाला, 'बांधावरून पडली.' आमच्यासोबतच्या परिचारिका बाई शहाण्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. 'वजन करायचे आहे, सगळ्याच बायकांचे,' म्हणून त्यांनी एकेकीला गाडीमागे नेले. तेथे त्यांनी हाताचा विषयही काढला नाही. 'आम्ही हल्ली प्रत्येकीला विचारतो,' त्या म्हणाल्या, 'घरात कोणी मारतं का, भीती वाटते का?' पोर रडली नाही. तिने आधी मागे वळून पाहिले आणि मग सांगितले. प्रत्येकीला विचारल्यामुळे तिच्यावर आळ आला नाही, तिच्या नवऱ्यालाही संशय आला नाही. अशा कामात सगळे कसब एवढ्यात आहे: सगळ्यांना विचारा, एकटीला विचारा, आणि तिने नाही म्हटले तर पुढच्या तपासणीला पुन्हा विचारा.

तिने सांगितल्यानंतर पहिले काम तिच्यावर विश्वास ठेवण्याचे. 'तू काय केलंस म्हणून त्यानं मारलं?' हा प्रश्न तोंडातून गेला की दार बंद झाले. दुसरे काम घाई न करण्याचे. आपल्यातले उत्साही कार्यकर्ते लगेच 'चल पोलिसांत' म्हणतात. आपल्यातले म्हातारे लगेच नवऱ्याला बोलावून समजूत घालू पाहतात. मला दोन्ही धोक्याचे वाटतात, आणि दुसरे अधिक. नवऱ्याला बोलावले म्हणजे बाईने बाहेर सांगितले हे त्याला कळले. त्या रात्री आपण आपल्या घरी असतो आणि ती त्याच्या. बाई सोडून जाते किंवा जाणार असे दिसते, तो काळ तिच्या जिवाला सर्वांत घातक असतो.

म्हणून आधी तिच्या सुरक्षिततेची आखणी तिच्याकडूनच करवून घ्यावी. मार कधी वाढतो, हत्यार किंवा रॉकेल घरात आहे का, गळा दाबला होता का, मरण्याचा विचार मनात येतो का, हे विचारावे. गळा दाबलेला असेल तर ते प्रकरण थांबण्यासारखे नाही असे समजावे. भांडण पेटताच चुलीपासून आणि बंद खोलीपासून दूर, दाराकडे सरकावे. मार चुकवता येत नसेल तर कुशीवर वळून पोट झाकावे. माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँकेचे पुस्तक, दोन कपडे आणि थोडे पैसे शेजारणीकडे ठेवावेत. कोणाचे दार रात्री ठोठावता येईल ते एक घर ठरवून ठेवावे आणि त्या घराला तसे सांगून ठेवावे. मोबाईल नवरा पाहत असेल तर त्यात काही ठेवू नये. १८१ आणि ११२ हे क्रमांक तोंडपाठ असावेत. पोटावर मार बसला, अंगावर जाऊ लागले, पाणी गेले, किंवा बाळाची हालचाल कमी झाली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण पोटावरच्या आघाताने वार सुटू शकते आणि बाई वरून बरी दिसत असतानाच आत रक्तस्राव होत असतो. तेथे 'पडले' न सांगता खरे सांगावे आणि डॉक्टरांना ते तिच्या शब्दांत केसपेपरवर लिहावयास सांगावे. तो कागद पुढे न्यायालयात दहा साक्षीदारांच्या तोडीचा ठरतो.

कायद्याचे म्हणाल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला, तो या बाईसाठी ४९८-अ पेक्षा कामाचा आहे. तिला नवऱ्याला तुरुंगात घालावयाचे नसते. तिला मार थांबावयास हवा असतो आणि डोक्यावर छप्पर हवे असते. या कायद्याखाली संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवतो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. मारू नये असा आदेश, राहत्या घरातून काढू नये असा आदेश, खर्चाची रक्कम, हे सगळे त्यात मिळते. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. तिने मागितले तर रुग्णालयाला तिच्यावर उपचार करणे भाग आहे. साठ दिवस कित्येकदा साठ आठवडे होतात, हे मीही पाहिलेले आहे. संरक्षण अधिकाऱ्याच्या गळ्यात दुसऱ्या चार कामांचे लोढणे असते. पण तारखेला समाजसेवक तिच्याबरोबर जाऊन बसला तर फरक पडतो. एकटी बाई तिसऱ्या तारखेला येत नाही.

तिच्या संमतीवाचून कोणी तिचा गर्भ पाडला तर त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उलट तिलाच ते मूल वाढवावयाचे नसेल, तर १९७१ च्या वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, नवऱ्याच्या सहीची गरज नाही. कित्येक दवाखाने ती सही मागतात. कायदा मागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली या कायद्यापुरते असेही सांगितले, की नवऱ्याने जबरदस्ती केलेली बाईही बलात्कारपीडितेच्या नियमात धरावी.

आशाताईंबद्दल एक शब्द. २००५ पासून खेड्यात त्या आल्या, आणि गर्भार बाईच्या घरात विनाकारण शिरता येईल अशी ती एकच व्यक्ती आहे. पण ती त्याच गावची सून असते. मारणारा तिच्या भावकीतला निघतो, तिचा दीर निघतो. सगळे ओझे तिच्यावर टाकणारे परिपत्रक काढणे सोपे आहे. तिने फक्त ओळखावे, एकांतात विचारावे आणि गावाबाहेरच्या माणसाला, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिकेला, जिल्ह्याच्या सखी केंद्राला किंवा विशेष कक्षाला, गुपचूप कळवावे. पुढचा उंबरठा त्यांनी ओलांडावा. आशाताईचे नाव त्या घरात निघता कामा नये.

शेवटी आमच्या भागातली अडचण. दसरा-दिवाळीनंतर परभणी, बीड, जालन्याकडची जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते ती कोयत्यावर, आणि सही नवऱ्याची. बाई गर्भार राहिली, मार खाल्ला, निघून गेली, तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. म्हणून नवरा तिला जाऊ देत नाही, मुकादम जाऊ देत नाही, आणि कित्येकदा बापही परत घेत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशये काढण्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली; त्या वेळी सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. पाळी आणि पोट ही कामातली खोटी समजली जातात, तेथे मारहाणीची दाद कोण घेणार?

अशा बाईला समाजसेवकाने कायदा सांगण्यापूर्वी तिच्या वाट्याची उचल किती, हे विचारावे लागते. मी आजवर पाच-सहा प्रकरणांत मुकादमाशी बसून हिशेब वेगळा करून घेतला आहे. अर्धी उचल नवऱ्याच्या नावे, अर्धी माहेरच्यांनी हप्त्याने. तसे झाले त्या बायका निघू शकल्या. हंगामापूर्वी गावातच गर्भार बायकांची यादी आशाताईंकडून घेऊन त्या ज्या कारखान्याकडे जाणार तेथल्या आरोग्य केंद्राला कळवावी, आणि उचलीच्या कागदावर बायकोची वेगळी ओळ असावी, या दोन मागण्या आम्ही लावून धरल्या आहेत. पहिली काही ठिकाणी मान्य झाली. दुसरीला मुकादम हसतात. त्यांच्या वहीत जोडप्याची बहुधा एकच ओळ असते, आणि तिच्यात नाव नवऱ्याचे असते.